सर्पगरुडाचं ऊन, शीळकऱ्याचा पाऊस

गुरुवार

भाच्याला गरुड बघायचा होता, मला शीळकरी कस्तूर ऐकायचा होता. दोघांचीही सोय होईल अशी जागा म्हणून आंबोली ठरली. जूनचा मधला आठवडा हा मात्र माझा हट्ट. भाच्याचं म्हणणं, शिकारी पक्षी बघायचे तर हिवाळ्यात जायचं. आकाश मोकळं असतं, लांबचं दिसतं, कॅमेरा भिजत नाही. त्याचं खरंच आहे. पण कस्तुराचं गाणं रंगतं ते पावसाच्या तोंडावर आणि पावसात. हिवाळ्यात तो ओढ्यावर दिसतो, पण गाण्याच्या बाबतीत हात आखडता घेतो. शिवाय गाडी माझी होती, त्यामुळे वाद फार लांबला नाही.

पुण्याहून पहाटे निघून कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा असा रस्ता धरला. उत्तूरच्या पुढे शेतं नांगरून तयार होती, कुठे कुठे भाताची धूळवाफ पेरणीही उरकलेली. आजरा घनसाळ हा इथला नावाजलेला सुवासिक तांदूळ. तो परतताना घ्यायचा असं ठरवून रामतीर्थावर पाय मोकळे केले. हिरण्यकेशी इथे कातळावरून खाली झेपावते. पाणी अजून कमी होतं, पण गढुळलेलं. वर कुठेतरी पाऊस लागला होता हे नदीनेच सांगितलं.

आजरा मागे पडल्यावर रस्त्यालगतची झाडी दाट होत गेली आणि आंबोलीच्या अलीकडेच धुक्याने गाडीचा वेग बैलगाडीवर आणला. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचं हे गाव. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात ते इथेच, म्हणून वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस.

उतरलो ते एका घरगुती निवासात. चुलीवरची नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुका बांगडा. जेवताना भाच्याने आपली बाजू पुन्हा मांडली. त्याच्या मते पक्ष्यांचे दोन वर्ग: एक, ज्यांच्यासाठी दुर्बीण विकत घ्यावी, दुसरा, जे झुडपात लपून चिवचिवतात. गरुड, ससाणे, ससाण्यांच्या झेपा, ते डोळे, त्या नख्या. "मावशी, तुझा कस्तूर गातो छान गं, पण करतो काय?"

मी म्हटलं, सकाळी दाखवते.

शुक्रवार

पाच वाजायच्या आत जाग आली. पाऊस थांबला होता, पागोळ्या चालू होत्या. बाहेर मिट्ट काळोख, आणि मागच्या ओढ्याच्या बाजूने शीळ.

ज्याने ती ऐकली नाही त्याला समजावणं कठीण आहे. कुणी पोरगा आडवाटेने शाळेत निघालाय, गाण्याची चाल त्याला अर्धवटच येते, तो ती शिळेवर आठवत चाललाय. मध्येच विसरतो, थांबतो, नव्याने धरतो, भलत्याच सुरात संपवतो. गंमत म्हणजे तो कधीच कंटाळत नाही. कोकिळेचा पंचम ठरलेला असतो, पुढची तान कोणती हे आपल्याला आधीच कळतं. कस्तुराचं तसं नाही. दहा मिनिटं ऐकलं तरी पुढची ओळ ओळखता येत नाही. भाचा पांघरुणातून बाहेर आला, पडवीत उभा राहिला आणि विचारलं, "कोण आहे एवढ्या पहाटे?" त्याला खरोखरच माणूस वाटला होता.

काकू चुलीपाशी जाग्या होत्या. हसून म्हणाल्या, "तो आमचो गजर गो बाय. घड्याळ बंद पडात, तो नाय पडूचो."

चहा घेऊन हिरण्यकेशीच्या उगमाकडे निघालो. गावापासून फार लांब नाही. गुहेतून पाणी येतं, पुढे कुंड, त्यावर महादेवाचं देऊळ. याच कुंडात सापडलेल्या एका इवल्याशा माशाचं २०२० साली नव्या जातीचा म्हणून वर्णन झालं. त्याला नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ही जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नदी इथून पूर्वेला वळते, आजरा-गडहिंग्लज करत घटप्रभेला आणि तिच्यामार्फत कृष्णेला मिळते. म्हणजे कोकणाच्या इतक्या जवळ जन्मून पाणी जातं बंगालच्या उपसागराला.

आम्ही देवळाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी बसलो. जळवा होत्या, पायमोज्यांना मीठ-तंबाखूची पुरचुंडी चोळून घेतली होती तरी होत्या. साधारण तासाभराने भाच्याने खूण केली. पाण्यातल्या एका धोंड्यावर काळा पक्षी. साळुंकीपेक्षा थोडा मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत २५ सेंटिमीटर, पाय लांब आणि काळे. सावलीत तो निव्वळ काळा होता. मग त्याने अंग वळवलं, ढगातून आलेला जेमतेम उजेड त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथे मोरचूदी निळा पट्टा उजळला. कपाळावरही तसाच. मादीही दिसायला अशीच असते, त्यामुळे समोर नर होता की मादी हे गाणं सुरू झाल्याशिवाय मी तरी सांगणार नाही.

तो गाणार म्हणून मी कान टवकारून बसले होते. त्याने पाण्यात चोच घातली आणि खेकडा काढला.

लहानसा, बोटाच्या पेराएवढा, पण नांगी उगारलेला. कस्तुराने त्याला एका पायाने धरून वगैरे ठेवलं नाही, तशी त्याची बोटं नाहीतच. चोचीत पकडून धोंड्यावर आपटला. एकदा, दोनदा, सुटला, पुन्हा पकडला, पुन्हा आपटला. एक नांगी तुटून पाण्यात गेली. मग दुसरी. मग उरलेला खेकडा गिळला, चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुढच्या धोंड्यावर उडी मारली. हा उद्योग त्याने आमच्या डोळ्यांदेखत गोगलगायीच्या बाबतीतही केला. गांडूळ, किडे, बेडकाची पिल्लं, पिकलेली रानफळं, सगळं चालतं त्याला.

भाचा गप्प होता. मग म्हणाला, "हा तर शिकारीच आहे."

आहेच. आपण ज्यांना गाणारे पक्षी म्हणतो त्यातले बहुतेक दिवसभर कुणाचा तरी जीव घेत असतात. भक्ष्य आपल्या दृष्टीने किरकोळ असतं म्हणून आपण त्याला शिकार म्हणत नाही, एवढंच. शिकारी पक्षी ही ओळख हत्यारावरून ठरते: बाकदार चोच, वळलेल्या नख्या, पकडीचे पाय. कस्तुराकडे त्यातलं काही नाही, म्हणून त्याला दगड लागतो. गरुड पायाने मारतो, कस्तूर दगडाने.

आणि गाणं? तेही हत्यारच म्हणायला हरकत नाही, हद्द राखण्याचं. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या भागात तयार होत नाही. श्वासनळी खाली जिथे दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथे त्यांचं ध्वनियंत्र असतं, शब्दिनी. गाणाऱ्या पक्ष्यांत तिला अनेक स्नायूंच्या जोड्या असतात आणि डाव्या-उजव्या बाजू वेगवेगळ्या हलवता येतात; एकाच वेळी दोन सूर काढायचीही त्यांची ताकद असते. गरुडाची शब्दिनी त्यामानाने साधी. पण खरा फरक शिकण्यात आहे. गरुडाचं पिल्लू एकटं वाढलं तरी गरुडासारखंच ओरडतं, ती हाक उपजत येते. गाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लाला मोठ्यांचं गाणं ऐकावं लागतं, मनात साठवावं लागतं, नंतर अडखळत घोकावं लागतं. ऐकायलाच मिळालं नाही तर मोठेपणी त्याचं गाणं ओबडधोबड निघतं. थोडक्यात त्यांच्याकडे घराणं असतं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने "आणि रियाजही?" असं विचारलं. रियाजही.

दुपारी पाऊस असा लागला की पडवीतून समोरचा फणस दिसेना. झोप काढली.

शनिवार

सकाळी महादेवगडाचं टोक. वाऱ्याने छत्री उलटी केली आणि ती गाडीत टाकून दिली. कोकण कुठेतरी खाली असणार, पण आमच्या पायापुढे फक्त पांढरं. भाच्याने कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढला नाही. जवळच चहाच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ बसले होते, चौकुळचे, गुरांमागे जंगल पायाखाली घातलेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणू लागलो आणि पुढचे दोन दिवस ते आमच्याबरोबर राहिले. भाच्याने गरुडाचं विचारलं. अण्णांनी आभाळाकडे न बघताच सांगितलं, "आज उडूचो नाय. ऊन पडल्याशिवाय गरूड कित्याक उडतलो?"

इतक्या वाऱ्यात का उडणार नाही, असा भाच्याचा प्रश्न. अण्णांचं उत्तर होतं की तो पंख मारून उडायला कावळा आहे काय. या उत्तरात सगळं येतं. सर्पगरुडाचे पंख रुंद आणि बोथट, अंग वजनदार. पंख फडफडवत हिंडणं त्याला परवडत नाही. जमीन तापली, गरम हवा वर चढू लागली की त्यावर पंख पसरून तो फुकटात घिरट्या घालतो. पावसाळ्यात हे फुकटाचं दुकान बंद असतं. मग तो दिवसचे दिवस फांदीवर भिजत बसून राहतो. कस्तुराला ओल हवी, गरुडाला ऊन. एका दरीत राहून दोघांचे चांगले दिवस वेगळे.

पण वारं एका जागी उपयोगी पडतं, ते गेळ्याच्या कावळेसादला. दुपारी तिकडे गेलो. दरी इंग्रजी यू अक्षरासारखी आत वळलेली, कडा सरळ खाली, आणि खालून येणारा वारा इतका जोराचा की कड्यावरून पडणारं पाणी उलट वर उडतं आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर येतं. तरुण मंडळी पाण्याच्या बाटल्या, टोप्या दरीत फेकून परत येतात का बघत होती. बाटल्या येत नव्हत्या.

सव्वादोनच्या सुमाराला ढग फाटले. कसलीही पूर्वसूचना न देता खालची झाडी, खाचरं, लाल रस्ता, सगळं उघडं पडलं, आणि दहाएक मिनिटांत अण्णांनी बोट वर केलं. खालच्या जंगलातून सर्पगरुड चढत होता. पंख न हलवता, गोल गोल, प्रत्येक फेरीला थोडा वर. आमच्या नजरेच्या पातळीला आला तेव्हा पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवरचा तसाच पट्टा स्वच्छ दिसला. लांबून ओळखायची खूण हीच. मागून दुसरा आला. आणि मग हाक: क्लू-ई-ऊ, क्वी-क्वी. सुरुवात उंच, शेवट आखूड.

भाच्याने कॅमेरा डोळ्याला लावला होता, तो मध्येच खाली घेऊन म्हणाला, "हा पण शीळच घालतोय की."

गरुडाने डरकाळी फोडावी ही आपली अपेक्षा चित्रपटांनी तयार केली आहे. हॉलिवूडवाले तर त्यांच्या टकल्या गरुडाला दुसऱ्याच एका लाल शेपटीच्या शिकारी पक्ष्याचा आवाज देतात, कारण खऱ्याचा आवाज पडद्यावर शोभण्याइतका जरबेचा नसतो. सर्पगरुडाची शीळ सुरेल आहे, यात शंका नाही. तीच तीच आहे, एवढंच. ज्याला तीन-चार स्वरांत काम भागतं त्याने तानपलटे कशासाठी शिकायचे? तो हजार फुटांवरून बोलतो, त्याच्या आणि जोडीदाराच्या मध्ये फक्त हवा आहे. कस्तूर बोलतो धबधब्याच्या कानाला लागून. म्हणूनच कदाचित गाण्याखेरीज त्याची जी नुसती हाक असते ती इतकी उंच आणि धारदार, पाण्याचा आवाज कापून जाते.

डोळ्यांबद्दल भाच्याकडे पुष्कळ माहिती होती, त्यातली काही बरोबर. गरुडाला माणसाच्या आठपट दिसतं हे वाक्य सगळीकडे फिरतं. मोजमाप झालेल्या मोठ्या गरुडांची नजर आपल्या दुपटीच्या आसपास तीक्ष्ण निघाली आहे, आणि तेवढंही पुष्कळ झालं. त्यांच्या दृष्टिपटलावर बारकावे टिपणाऱ्या जागा दोन असतात, आपल्याला एकच. डोळे खोबणीत जवळपास घट्ट बसलेले, म्हणून मान फिरवावी लागते. कस्तुराचे डोळे डोक्याच्या बाजूंना. त्याला समोरचं तितकं बारीक नाही दिसलं तरी चालतं, पण मागून कोण येतंय ते दिसलं पाहिजे. भुवईचं हाड पुढे आल्यामुळे गरुड कायम रागावलेला वाटतो. तो रागावलेला नसतो. त्याच्या डोळ्यांवर फक्त सावलीची सोय असते.

ढग मिटायच्या आधी एक गोष्ट घडली, क्षणार्धात. कड्याच्या पोटातून काहीतरी काळपट-तांबूस सणसणत गेलं. शाहीन ससाणा. भाचा ओरडलाच. सर्पगरुडाच्या संथ घिरट्यांनंतर ती झेप बघणं म्हणजे दुसऱ्याच जगाचा प्राणी बघणं. आणि तो आहेही दुसऱ्याच घरचा. २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून असं दिसलं की ससाण्यांचे जवळचे नातेवाईक गरुड-घारी नव्हेत, तर पोपट आणि गाणारे पक्षी. नंतरच्या अभ्यासांनीही ते उचलून धरलं. बाकदार चोच आणि नख्या दोघांनी स्वतंत्रपणे कमावल्या. मी हे कावळेसादला सांगितलं तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्या लाडक्या ससाण्याला गरुडाच्या पंगतीतून उठवून कस्तुराशेजारी बसवणं त्याला पटेना. रात्री फोनवर त्याने ते शोधून पाहिलं आणि विषय काढला नाही.

रविवार

मुख्य धबधब्याकडे आज जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. पावसाळ्यातल्या रविवारी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग, कणसं, स्पीकर, धुक्यात भिजणारे पोलीस. आम्ही उलट्या दिशेने चौकुळला गेलो.

चौकुळच्या पठारावर पाऊस रिमझिमत होता. अण्णा पुढे, आम्ही मागे. बांधाच्या कडेला एक वठलेलं झाड आणि त्याच्या आडव्या फांदीवर सर्पगरुड, भिजून काळपट झालेला, मानेत डोकं घालून. डोळे आणि चोचीच्या बुडाची कातडी पिवळीधमक, एवढाच रंग. अण्णा म्हणाले, "सकाळपासून थंयच बसलो आसतलो. ताईनू, तुमी पण बसा."

बसलो. भाच्याला वाटत होतं त्या शिकारीत आणि या शिकारीत किती अंतर होतं! झेप नाही, पाठलाग नाही. गरुड बसला होता आणि आम्ही बसलो होतो. दोन बुलबुल त्याच्या शेजारच्या फांदीवर येऊन पिसं झटकून गेले. घाबरले नाहीत. पक्ष्यांना ठाऊक असतं कोण कशावर जगतं. सर्पगरुडाची भिस्त साप, सरडे, बेडूक यांच्यावर. मग, बराच वेळ गेल्यावर, तो फांदीवरून सुटला. उडाला म्हणवत नाही, नुसता खाली आला, गवतात उतरला आणि चालला. एवढा मोठा पक्षी गवतातून दोन पावलं टाकत चालतोय, पंख अर्धे उघडे, तुरा फुललेला. एक पाय उचलून खाली दाबला. उडाला तेव्हा पायात साप वळवळत होता. झाडामागच्या फांदीवर नेऊन त्याने डोक्याकडून गिळायला सुरुवात केली.

कुठला साप ते कळलं नाही, अण्णांच्या मते दिवड. विषारी असता तरी गरुडाने सोडला नसता. त्याला विष बाधत नाही असं गावोगावी मानतात, पण त्याचं रक्षण होतं ते पायावरच्या जाड, खरखरीत, षट्कोनी खवल्यांनी, पिसांच्या दाट थराने आणि पहिल्या झटक्यात डोकं ठेचण्याच्या चपळाईने. पायाला पिसं नाहीत, बोटं आखूड आणि मजबूत. सापासारखं गोल, निसरडं भक्ष्य आवळायला आखूड बोटंच बरी. शुक्रवारचे कस्तुराचे पाय आठवले, लांब, सडपातळ, शेवाळलेल्या धोंड्यांवरून उड्या मारायला केलेले.

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून केविलवाणी हाक सुरू झाली, थांबेचना. अण्णांनी दाखवलं: पानाआड दुसरा गरुड, पण डोकं पांढुरकं, अंगावर फिकट खवले-खवले. "पिल्लू असा ता. आवशीक खाऊक मागता."

हे बघायला मिळालं आणि माझ्या मनात दोघांची पंचांगं शेजारी शेजारी मांडली गेली. सर्पगरुड हिवाळा सरता सरता घरटं बांधतो, अंडं घालतो ते बहुधा एकच. ते सुमारे ४१ दिवस उबवायचं, मग पिल्लू घरट्यातच दोनेक महिने वाढवायचं. म्हणजे ते उडायला लागतं तेव्हा पाऊस दारात असतो, बेडूक बाहेर येतात, बेडकांमागून साप येतात. शिकायला निघालेल्या पिल्लासाठी याहून भरलेलं ताट नाही. कस्तूर हिशेब दुसऱ्या टोकाने मांडतो. ओढे वाहू लागले, खेकडे-गांडुळं निघाली की त्याची वीण भरात येते. दोन ते चार अंडी, सोळा-सतरा दिवसांत पिल्लं बाहेर. एकाने पाऊस येईल या भरवशावर चार-पाच महिने आधी गुंतवणूक केलेली, दुसऱ्याने पाऊस आल्यावर धंदा वाढवलेला. मला विचाराल तर दोघांत खरा फरक हा. गाणं, नख्या, राजेपणा हे सगळं त्यानंतर.

परतीच्या वाटेवर बांबूच्या बेटातून सर्पगरुडाची हाक आली. अगदी तीच, क्लू-ई-ऊ. भाचा कॅमेरा घेऊन वाकला. अण्णांनी मान हलवली. "गरूड नाय तो. गरूड थंय कित्याक बसतलो? कोतवाल असा." खरंच, बेटातून निघाला तो भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला फिरणारी पिसं. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात याचा हात धरणारा आपल्या जंगलात नाही. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात अभ्यासकांनी त्याच्या नकलांची नोंद केली तेव्हा दिसलं की शिकाऱ्यांचे आवाज तो उगाच काढत नाही. धोक्याच्या वेळी, आपल्या इशाऱ्याच्या हाकांमध्ये ते मिसळतो. एक गाणारा पक्षी गरुडाची हाक शिकून घेतो आणि ती इतरांना सावध करायला वापरतो. गरुडाला मात्र भृंगराजाची नक्कल कधीच जमणार नाही.

सावध व्हायचं कारणही लगेच दिसलं. झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ टेकत काळा गरुड आला, पाय आणि चोचीचं बूड पिवळं, बाकी सगळा काळा. अतिशय हळू. एवढ्या हळू उडणारा शिकारी पक्षी दुसरा माझ्या माहितीत नाही, आणि त्याला घाईची गरजही नाही, कारण तो शोधतो ती घरटी. अंडी, पिल्लं, वेळ पडली तर अख्खं घरटं लांब नख्यांत उचलून नेतो आणि उडता उडता तपासतो. सर्पगरुडाशेजारी पिसं झटकणाऱ्या बुलबुलांनी आता एकच गलका केला, भृंगराज तर त्याच्या पाठीवर चोची मारत दरीच्या टोकापर्यंत सोडायला गेला.

रात्री काकूंनी कुर्ल्यांचं सांबार केलं. पहिल्या पावसात ओढ्यात मिळतात त्या. भाच्याने पहिली नांगी फोडताना माझ्याकडे बघून ती ताटाच्या कडेवर आपटली. काकूंना यातलं काही कळलं नाही, त्यांनी आडकित्ता आणून दिला.

सोमवार

निघायच्या गडबडीत काकू मागच्या पडवीत घेऊन गेल्या. वाशाच्या बेचक्यात ओल्या शेवाळाचा आणि बारीक मुळांचा ढीग. कस्तुराचं घरटं, अजून पुरं न झालेलं. एरवी तो ओढ्याकाठच्या कपारीत, धबधब्यामागे असं घरटं करतो, पण ओढ्याला लागून घर असलं तर वळचणही चालवून घेतो. "दरवर्सा हंयच," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या बाजूचा दिवा पावसाळाभर लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलं आहे. आम्ही जवळ गेलो नाही. भाच्याने फोटो न काढता मागे पाऊल घेतलं, याची नोंद त्याच्या आईसाठी इथे करून ठेवते.

अण्णा एसटीच्या थांब्यापर्यंत आमच्या गाडीतून आले. गरुडाचं घरटं दाखवाल का, असं भाच्याने विचारल्यावर म्हणाले, फेब्रुवारीत ये, पण लांबून बघायचं कबूल असेल तर.

आजऱ्याला घनसाळ घेतला. दुकानदाराने मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास दिला तेव्हा भाव करायचं राहून गेलं. उत्तूरच्या पुढे कोरडं होतं, ऊनही होतं, आणि तारेवर नकल्या खाटीक बसलेला. करड्या डोक्यावर काळी पट्टी, पाठ तांबूस, चोचीचं टोक ससाण्यासारखं खाली वळलेलं. मी गाडी बाजूला घेतली. त्याने बांधावरून टोळ उचलला, बाभळीवर गेला आणि काट्यात टोचून ठेवला. मग शेंड्यावर बसून गाऊ लागला, हळू आवाजात, त्यात टिटवी होती, तितर होता, आणखी कोण कोण होते.

"हा कशात मोडतो?" भाच्याने विचारलं.

"गाणाऱ्यांत. पायाची पकड नाही त्याच्या, म्हणून काटा लागतो."

"पण चोच?"

चोचीचं उत्तर देईपर्यंत निपाणी आली, आणि निपाणीला त्याला भूक लागली होती.